सुखाची प्रतवारी

रणजितच्या मुलीचं बारसं कॅल्गरीत झालं आणि पाळणा तासगावात हलला, ते साल दोन हजार एकतीस. सुगंधा खोत हिनं गल्लीतून पाळणा मागून आणला, त्याला झेंडूच्या माळा बांधल्या, आत दुपटं अंथरलं आणि दुपट्यावर उशीला टेकवून फोन उभा केला. फोनमध्ये नात. बायकांनी पाळणा म्हटला, झोका दिला, फोन दोनदा पडला. इकडं दिवेलागण, तिकडं नुकतं उजाडत होतं. नाव ठेवलं रेवा.

सून तिकडचीच, जसलीन नावाची. ती हसून इंग्रजीत काहीतरी बोलली. रणजित म्हणाला, "आई, ती विचारतेय, तुला कसं वाटतंय?"

सुगंधाला इंग्रजीतला एकच शब्द माहीत होता. ती फोनकडं वाकून म्हणाली, "हॅपी. लई हॅपी."

मागून बानू मुल्ला बोललीच. "एवढं एकच येतंय व्हय गं? पोपट तरी दोन बोलतोय."

बायका हसल्या, सुगंधाही हसली. पण ते तिला लागलं. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा सातासमुद्रापार, नात हातात घ्यायची तर काचेतून. आणि या सगळ्याला आपल्याकडं शब्द एक. चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात बसून ती मराठी अक्षरं शिकली होती. इंग्रजी शिकायला आता कोण बसवणार?

बसवणारं माणूस त्याच वर्षी गावात आलं.

सुगंधा आणि बानू वीस वर्षं बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला होत्या. पट्ट्यावरून बेदाणा सरकत यायचा आणि दोघींचे हात आपोआप चालायचे: हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा बाजूला, काडी खाली. मग कॅमेरा लावलेलं यंत्र आलं. बायकांना दिवस लागायचा तेवढा माल ते तासाभरात निवडू लागलं. शेड ओस पडली. त्या ओस शेडमध्ये पुण्याहून पाटोळे मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "बेदाणा यंत्राला कळतो. आता यंत्राला सुख कळवायचंय. प्रतवारीची नजर तुमच्याकडं आहे."

"सुख काय पट्ट्यावरनं येणार काय?" बानूनं विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या.

आणि खरंच तसंच आलं. कंपनीनं मनगटाला बांधायची एक पट्टी काढली होती. तिचं नाव 'सोबत'. ती नाडीचे ठोके मोजायची, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायची, कातडीचा ओलावा, ऊब, श्वास आणि आवाजातली थरथर टिपायची. मॅडमनी पहिल्या दिवशी फळ्यावर दोन रेघा काढल्या. दोन्ही सारख्याच वरखाली जाणाऱ्या.

"यातली एक बाई लॉटरी लागल्यावरची आहे आणि दुसरी साप दिसल्यावरची. कुठली कुठली, सांगा."

कुणालाच सांगता येईना.

"मलाही येत नाही. यंत्रालाही येत नाही. छाती दोन्ही वेळा सारखीच धडधडते. शरीर फक्त एवढंच सांगतं की जोरात चाललंय की हळू. त्याला नाव देतो तो माणूस. तुम्ही चित्रफितींच्या हजारो तुकड्यांना नावं द्यायची. यंत्र ती नावं बघत बघत शिकेल, आणि मग कुणी न सांगता स्वतः नाव देईल. एकटी राहणारी म्हातारी माणसं पट्टी बांधतील आणि त्यांच्या लांबच्या पोरांना रोज संध्याकाळी एक शब्द जाईल. आई आज कशी आहे, त्याचा एक शब्द."

शब्द इंग्रजी होते, कारण कंपनीचं यंत्र इंग्रजीत विचार करायचं. सुखाचे चोवीस शब्द. दुःखाचे शब्द कुठल्याशा परमुलखात गेले होते, रागाचे आणि भीतीचे आणखी तिसरीकडं. तासगावच्या वाट्याला सुख तेवढं आलं. बेदाण्याच्या क्रेटवर जशा चिठ्ठ्या असायच्या तशा पडद्यावर चोवीस चौकटी, आणि शेवटी एक पंचविसावी, 'बाजूला'. जे कशातच बसत नाही ते तिथं टाकायचं.

पाटोळे मॅडम एकेक शब्द प्रसंग सांगून शिकवायच्या. ग्लॅड म्हणजे पाहुणा दारात दिसला. रिलिव्ह्ड म्हणजे पोरगं उशिरा का होईना घरी आलं. डिलाइटेड म्हणजे न मागता मिळालं. प्राउड म्हणजे पोरीचा नंबर आला. थ्रिल्ड म्हणजे आकाशपाळणा वरून खाली येताना. कंटेंट म्हणजे पोटभर जेवल्यावर आपण ताट पुढं सरकवतो ना, तसं.

सुगंधानं वहीत सगळे शब्द मराठी अक्षरांत लिहून घेतले, मग इंग्रजी अक्षरांत. रविवारी रणजितचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "जसलीनला सांग, आज मी डिलाइटेड." पलीकडं दोघं एवढी हसली की तिला हुरूप आला. पुढच्या रविवारी चिअरफुल, त्याच्या पुढच्या रविवारी ग्रेटफुल. आयुष्यात पहिल्यांदाच मुलगा आपल्या बोलण्याची वाट बघतोय असं तिला वाटलं.

सातशे चौदा नंबरचा तुकडा आला तो थंडीतला दिवस. वीस सेकंदांचा. खुर्चीत बसलेला म्हातारा, चेहरा धूसर केलेला, गुडघ्यांवर ठेवलेले हात तेवढे स्वच्छ दिसत होते. परिचारिका विचारते, काही हवं का? म्हातारा म्हणतो, नको, सगळं आहे. खाली चार रेघा: नाडी संथ, श्वास संथ, कातडी कोरडी, आवाज सपाट.

एकच तुकडा पाच टेबलांवर जायचा. तिघींचं एकमत झालं की शब्द पक्का.

बानूनं बघितलं आणि 'बाजूला'वर बोट ठेवलं. "ह्यो रुसलाय. न्हाईतर आतनं मेलाय."

"काय तरी काय बोलतीस," सुगंधा म्हणाली. "वयाला शोभंल असा बसलाय. काय मागत न्हाई, कुणाला तरास न्हाई."

तिच्या डोळ्यांपुढं तिची सासू होती. शेवटची दोन वर्षं ती कट्ट्यावर बसून असायची. सण असो, पाहुणे असोत, काय पाहिजे विचारलं की म्हणायची, "मला काय नगं." सगळी गल्ली सांगायची, म्हातारी तृप्त झाली. वासना सुटली. अशी सासू मिळायला भाग्य लागतं. सुगंधानं कंटेंटची चौकट दाबली. आणखी तिघींनी तीच दाबली. त्यांच्याही घरात कट्ट्यावर बसलेलं कुणीतरी होऊन गेलं होतं.

मॅडमनी सुगंधाला कारण विचारलं. तिनं सासूची हकिकत सांगितली, अशी सांगितली की मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "इंग्रजीतसुद्धा हे कुणी मला इतकं छान समजावलं नव्हतं," त्या म्हणाल्या. सातशे चौदा हा नमुना ठरला. पुढं तसला तुकडा आला की तो त्याच्याशी ताडून बघायचा. कंपनीचं पत्र आलं, त्यात सुगंधाचं नाव होतं. तिनं ते काचेत बसवून भिंतीला लावलं.

"रुसलेल्या माणसाला जेवलेला म्हणालीस," बानू जाता जाता म्हणाली. "मुडदा बशिवला तुझा, लई शिकलीस."

दोन वर्षांत यंत्र शिकलं आणि शेड पुन्हा बंद झाली.

दोन हजार सेहेचाळीस साली सोबत नसलेलं म्हातारं माणूस शोधावं लागत होतं. सुगंधा सत्तरीची झाली होती, बानू तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. दोघींच्याही मनगटाला पट्टी. बानूची मुलगी यास्मिन मस्कतला नर्स होती, तिनं आईला बांधायला लावली. सुगंधाची रणजितनं पाठवली होती.

सुरुवातीला रणजित शब्द बघून फोन करायचा. "आई, आज रिलिव्ह्ड का गं? काय झालं होतं?" मग ती सांगायची, गॅस संपला होता, मिळाला. बोलणं व्हायचं. हळूहळू शब्द एकसारखा येऊ लागला. सुगंधाचे गुडघे गेले, शेजारची दोन घरं कुलूप लावून पुण्याला गेली, रेवा मोठी झाली आणि आजीशी काय बोलायचं ते तिला सुचेना. सुगंधाही कमी मागू लागली. पट्टी रोज संध्याकाळी कॅल्गरीला कळवायची: कंटेंट. फोन आठवड्यावर आला, पंधरवड्यावर आला, मग सणावारावर.

एकदा तिनं स्वतःहून लावला.

"आई! सगळं ठीक? मी मीटिंगमध्येच आहे. पण तुझा शब्द बघितला हं मघाशी. कंटेंट. एवढं छान वाटतं बघ. इथं लोकांच्या आया किती त्रासात असतात."

"बरं हाय माझं," सुगंधा म्हणाली.

"मग?"

"काय न्हाई. सहज."

आईनं मुलाला आपलं रडगाणं सांगायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि ते तिच्या हाडात होतं. फोन ठेवल्यावर तिनं पट्टीकडं बघितलं. तो शब्द कुणी लावलाय ते तिला ठाऊक होतं. आपणच निवडलेला माल आपल्याच दारात आलाय, आता कुणाला बोलणार? तिनं स्वतःपुरतं ते सोडून दिलं. शिवाय बानू होती. बानू रोज अकराला यायची, उंबऱ्यावर बसायची आणि चहाला नावं ठेवायची. पत्ती जास्त, आलं कमी, कप फुटका, तुझ्या हाताला चवच न्हाई. तिचं ते ऐकल्यावर सुगंधाचा दिवस सुरू व्हायचा.

त्या वर्षीची ईद श्रावणाच्या तोंडावर आली. यास्मिनला सुटी मिळाली नाही, सलग तिसऱ्या वर्षी. बानूनं शेवया केल्या, गल्लीत वाटल्या.

ईदनंतर आठ-दहा दिवसांनी सुगंधाकडून चहात साखरच राहिली. बानू कप घेऊन उंबऱ्यावर बसली होती. सुगंधानं स्वतः घोट घेतला आणि जीभ चावली. आता दहा मिनिटं शिव्या ऐकायच्या म्हणून ती हसतच बाहेर आली. बानूचा कप रिकामा होता.

"कसा झालाय?"

"बरा हाय," बानू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं चहात मीठ घातलं, अर्धा चमचा, मुद्दाम. समोर बसून बघत राहिली. बानू गल्लीच्या टोकाकडं बघत घोट घोट पीत होती.

"बाने, कसा हाय चहा?"

"बरा हाय."

"आनखी पायजे?"

"नगं. काय नगं मला."

हात गुडघ्यांवर होते. आवाज सपाट. सुगंधानं तिच्या पट्टीची छोटी काच आपल्याकडं वळवली. कंटेंट. चौदा दिवसांचे शब्द मागं सरकवून बघितले. कंटेंट, कंटेंट, कंटेंट. बानूच्या घरात जाऊन बघितलं तर परवाची भाकरी टोपल्यात तशीच होती आणि गोळ्यांचं पाकीट फोडलेलंही नव्हतं.

तिनं तिथूनच यास्मिनला फोन लावला.

"यास्मिन, बाळ, येऊन जा. तुझ्या आईचं काय खरं न्हाई."

"का मावशी? ताप आहे?"

"ताप न्हाई."

"मी रोज बघते ना. नाडी छान, झोप छान, शब्द पण कंटेंट. मी दिवसभर पेशंटच बघते मावशी, हे आकडे मला कळतात. तुम्हाला करमत नसेल म्हणून तसं वाटतंय."

"त्यो शब्द खोटा हाय. त्यो मी लावलाय."

यास्मिन प्रेमानं हसली. "तुम्ही लावलाय? काय मावशी! आता पुढच्या ईदला नक्की येते, सांगा तिला."

मग सुगंधानं पाटोळे मॅडमचा नंबर शोधला. मॅडम आता कंपनीत फार वर होत्या, पण नाव सांगताच फोनवर आल्या.

"सुगंधाताई! सातशे चौदा!"

"त्याच्यासाठीच केलाय फोन. त्यो चुकलाय, म्याडम. त्यो माणूस जेवून उठलेला न्हवता. त्याची भूकच मेलती. बानू बरोबर हुती. त्येवढा शब्द काढून टाका."

मॅडम सावकाश बोलल्या. "ताई, हे वहीत लिहिलेलं असतं तर मी तुमची ओळ खोडली असती. पण हे दह्यासारखं आहे. तुम्ही विरजण लावलंत. त्याचं दही झालं, त्या दह्यातनं पुढचं विरजण, असं पंधरा वर्षं. आता कोट्यवधी लोकांच्या तुकड्यांना यंत्रानं तुमच्या नमुन्यावरनं कंटेंट म्हटलंय, आणि त्या तुकड्यांवरनं ते आणखी शिकलंय. तो पहिला चमचा आता कुठं शोधू? काढायचा तर सगळं दही फेकावं लागेल."

"मग फेका."

"कोण फेकू देईल? पोरं खूश आहेत, ताई. ज्या घरी कंटेंट जातं त्या घरचं कुणी कधी तक्रार करत नाही. कंपनी म्हणते, आमचं सगळ्यात उत्तम चाललेलं हेच."

"पर मानसं मरत्यात, म्याडम."

"म्हातारी माणसं मरतातच, असं मला सांगतील." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी विचारलं होतं एकदा. हा शब्द चुकलाय म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही."

सुगंधानं ठरवलं, यंत्र ऐकत नसेल तर त्याच्याकडून दुसरा शब्द काढायचा. तो कसा निघतो ते कळलं तर बानूच्या पट्टीतूनही काढता येईल. आधी स्वतःवर करून बघितलं. चार हिरव्या मिरच्या चावून खाल्ल्या. नाकातोंडातून पाणी, छाती धडधडतेय. संध्याकाळी कॅल्गरीला गेलं: एक्सायटेड. रणजितचा निरोप आला, "वा आई! कसली तयारी चाललीय?" दुसऱ्या दिवशी गुडघे धरून जिना तीनदा चढली-उतरली. थ्रिल्ड. निरोप: "जत्रा आहे का गं?" तिसऱ्या दिवशी दुपारी ती दार लावून नवऱ्याच्या फोटोपुढं बसली आणि त्याचा शेवटचा दिवस पहिल्यापासून आठवत गेली. रडू आणावं लागलं नाही. तासभर मुकाट रडली.

प्राउड.

तिला आठवलं. शेडमध्ये लग्नांचे तुकडे आले होते. मुलीच्या पाठवणीत मुकाट रडणाऱ्या म्हाताऱ्या आया. दुःखाची चौकट तासगावकडं नव्हतीच, म्हणून सगळ्या जणींनी त्या रडण्याला प्राउड लावलं होतं आणि घरी जाऊन तसं कौतुकानं सांगितलंही होतं.

रणजितचा निरोप होता, "रेवाचा निकाल कळला वाटतं तुला! आम्ही पण प्राउड."

बानूनं त्या दिवशी चहा घेतलाच नाही. उंबऱ्यावर टेकली आणि भिंतीला डोकं लावून बसली. मनगट एवढं बारीक झालं होतं की पट्टीला नवं भोक पाडावं लागलं. सुगंधानं तिला डिवचलं. "बाने, माझं पातळ बघ की. हिरवं घेतलंय. तुला हिरवं आवडत न्हाई न्हवं?" बानू म्हणाली, "चांगलं हाय."

सुगंधा आत गेली आणि पुन्हा मस्कतला फोन लावला. या वेळी तोंड दिसेल असा.

"यास्मिन, मी आता शब्द सांगत न्हाई. काय झालं तेवढं सांगती. तुझ्या आईला मी बिनसाखरेचा चहा दिला, ती प्याली. दुसऱ्या दिवशी मीठ घालून दिला."

"मीठ?"

"अर्धा चमचा. ती प्याली आनि बरा हाय म्हनाली."

यास्मिननं फोन तोंडाजवळ आणला.

"ईद झाल्यापासनं तिनं मला एक शिवी दिलेली न्हाई. भवानी म्हनली न्हाई, टवळी म्हनली न्हाई. आज मी हिरवं पातळ नेसून म्होरं हुबी ऱ्हायले. चांगलं हाय म्हनली. तू पोटची पोरगी. तूच सांग, ही तुझी आई हाय का?"

पडद्यावर यास्मिननं तोंडाला ओढणी लावली. नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत ती लहान पोरीसारखी रडत होती. मागं कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"खारट चहा," ती म्हणाली. "मी एकदा डाळीत मीठ कमी घातलं होतं तर तिनं पातेलं अंगणात फेकलं होतं, मावशी."

"म्हाईत हाय की. माझ्याच दारात आलतं."

यास्मिन गुरुवारी आली. गाडी गल्लीत शिरली तेव्हा बानू उंबऱ्यावर होती. मुलगी पायाशी येऊन बसली तरी तिला पटेना. मग हात वर करून तिनं यास्मिनचा गाल चाचपला, बाजारात वांगं चाचपतात तसा. "कशाला आलीस?" एवढंच म्हणाली. आवाज तसाच सपाट होता आणि सुगंधाला वाटलं, उशीर झाला.

यास्मिननं रजा वाढवली. सलाईन लावलं, पेज भरवली, डोक्याला तेल लावलं. सहाव्या दिवशी सकाळी अकराला सुगंधा गेली तर यास्मिन आईला चहा देत होती. बानूनं एक घोट घेतला, कप बशीत आपटला.

"ह्यो च्या हाय का म्हशीचं पानी गं? नर्स झालीस म्हनं. असला पाजून पेशंट मारतीस व्हय?" मग तिची नजर दाराकडं वळली. "आनि ही टवळी हिरवं नेसून कुटं चाललीया? लिंबाची फांदी दिसतीया."

सुगंधा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. संध्याकाळी यास्मिनच्या फोनवर लाल रंगात शब्द आला, रागवाल्यांच्या मुलखातला: अ‍ॅनॉइड. यास्मिननं तो गल्लीत घरोघर नेऊन दाखवला. आईला राग आलाय म्हणून पेढे वाटलेलं तासगावनं तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

पण रजा संपायची होती. यास्मिननं कागद केले आणि एके दिवशी सांगितलं, "मावशी, मी तिला घेऊन जातेय."

सुगंधा म्हणाली, "न्यायलाच पायजे." ते तिला खरंच वाटत होतं. बानूचे कपडे तिनंच घड्या घालून दिले, गोळ्यांचे डबे बांधले, लोणच्याची बरणी पिशवीत कोंबली. ते करताना सगळा वेळ तिला आठवत होतं की फोन आपणच केला.

ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात गाडी आली. बानूला आत बसवून यास्मिन परत दारात आली.

"मावशी, एक विचारू? तुमचा पण रोज कंटेंटच जात असेल ना? रणजितदादाला मी बोलू का? चहाचं, सगळं सांगते."

सुगंधानं पदर खोचला. "छे गं. माझं खरंच तसं हाय. त्येचे कामाचे दिवस हायत, उगं कशाला घोर लावायचा."

गाडीतून आवाज आला, "खोटं बोलतीया ती."

"तू गप बस," सुगंधा म्हणाली. "विमान सुटंल तुझं."

गाडी वळेपर्यंत ती उभी होती. बानूनं मागं बघितलं नाही. तिची मान वळत नव्हती, संधिवातानं.

पुढं दोघी फोनवर बोलायच्या. बानू मस्कतच्या उन्हाला, जावयाच्या घोरण्याला, तिथल्या मिरचीला नावं ठेवायची आणि सुगंधा ऐकायची. फोन बंद झाला की घरात पंख्याचा आवाज असायचा. पुढच्या उन्हाळ्यात एकदा तिनं धीर केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, तीन ओळी, ते बघून तिनं रणजितला वाचून दाखवलं. "मी सुखात नाही. शब्द चुकीचा आहे. एकदा येऊन जा."

रणजित घाबरला. त्यानं त्याच दिवशी सांगलीच्या डॉक्टरांना पाठवलं. डॉक्टर भले होते. त्यांनी तपासलं, पट्टीची सहा महिन्यांची नोंद उघडली आणि रणजितला फोनवर सांगितलं की आईंची प्रकृती वयाच्या मानानं उत्तम आहे, मनही शांत आहे. अशी नोंद फार कमी जणांची असते. रणजितनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि रात्री जेवताना जसलीनला तसं सांगितलं. तो खोटा नव्हता, निष्काळजीही नव्हता. त्याच्याकडं एक शब्द होता आणि त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला गल्लीत माणूस उरलं नव्हतं. दिवाळीत सुगंधानं कंपनीचं ते पत्र काचेतून काढलं, काच पुसून त्यात रेवाचा फोटो बसवला.

बानू मुल्ला १८ ऑक्टोबर २०४७ रोजी, शुक्रवारी दुपारी, मस्कतला वारली. यास्मिन तिच्या उशाशी होती. सुगंधा खोत त्याच वर्षी ४ डिसेंबरला, बुधवारी सकाळी, तासगावात आपल्या घरी वारली. पट्टीचा निरोप कॅल्गरीला मिनिटभरात पोचला. गल्लीत कळायला संध्याकाळ झाली.